हेवी लायसन्स काढायचंय? मुंबईत ट्रक शिकायचे पैसे कुठून आणायचे आणि कुठे घालायचे

मी पहिल्यांदा हेवीसाठी पैसे भरले ते सगळे एकरकमी भरले आणि तिथेच चुकलं. साडेचौदा हजार होते, दीड वर्ष पिकअप चालवून साठवलेले. स्कूलवाल्याने पावती दिली, उद्या सकाळी सहाला ये म्हणाला, आणि पुढच्या तीस दिवसांत मला स्टेअरिंग मिळालं ते नऊ वेळा, तेही प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं. बाकीचे दिवस गाडी बंद, शिकवणारा उस्ताद गावाला, डिझेल नाही, आज आरटीओचा दिवस आहे, अशी कारणं. पैसे आधीच दिलेले त्यामुळे भांडायला तोंड उरलं नव्हतं. लायसन्स आलं हातात, पण कळंबोलीला पहिल्याच ट्रान्सपोर्टवाल्याने गाडी रिव्हर्स लावायला सांगितली आणि मला ती लावता आली नाही, परत पाठवलं त्याने. नंतर एका ओळखीच्या ड्रायव्हरकाकांबरोबर चार महिने क्लीनर म्हणून फिरलो तेव्हा खरा हात बसला.

म्हणून हे लिहितोय. लायसन्सचे पैसे वेगळे आणि शिकण्याचे पैसे वेगळे, हे डोक्यात पक्कं करा, सरकारी खर्च फार नाहीये, खरा पैसा जातो तो स्टेअरिंगवर बसायच्या तासांचा, आणि तोच तुम्हाला मोजून घ्यायचाय.

आधी बघा तुम्हाला हेवी लागतंय का

भरपूर पोरं टेम्पो चालवायचा म्हणून हेवीच्या मागे लागतात आणि गरज नसताना पैसे घालवतात. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिलाय की ज्याच्याकडे एलएमव्ही म्हणजे साध्या चारचाकीचं लायसन्स आहे तो ७,५०० किलोपर्यंत ग्रॉस वजनाची मालवाहू गाडी त्याच लायसन्सवर चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. ग्रॉस वजन म्हणजे गाडी अधिक माल, आणि ते आरसी बुकवर लिहिलेलं असतं, मालकाच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप वगैरे सगळं यात बसतं. ७,५०० च्या वर गेलात की मग मीडियम, आणि १२,००० किलोच्या वर हेवी. दहाचाकी, बाराचाकी, ट्रेलर, डंपर, ट्रान्झिट मिक्सर सगळं तिकडे. आरटीओच्या कागदावर मीडियम आणि हेवी दोन्ही एकाच नावाखाली येतात, ट्रान्सपोर्ट, आपण बोलताना हेवी म्हणतो.

बॅजची भानगड पण इथेच सांगतो. बॅज, म्हणजे तो बिल्ला, रिक्षा, टॅक्सी, बस अशा प्रवासी गाड्यांना लागतो. ट्रकला लागत नाही. माझ्याकडून एका एजंटने बॅजचे म्हणून वेगळे पैसे मागितले होते, मी नशिबाने आधी विचारलं होतं कोणाला तरी.

वय आणि एक वर्षाचा नियम

हेवीसाठी वय २० पूर्ण लागतं. आणि त्याच्याआधी साधं एलएमव्हीचं लायसन्स तुमच्याकडे किमान एक वर्ष असलं पाहिजे, लर्निंगची तारीख धरत नाहीत, पक्क्या लायसन्सची धरतात. म्हणजे ज्याचं आत्ता काहीच नाही त्याला आज सुरुवात केली तरी दीड वर्ष तरी धरावं लागेल. आठवी पास पाहिजे ही अट आधी होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे शिक्षण नाही म्हणून कोणी घाबरवत असेल तर ऐकू नका. फक्त वाचता यायला हवं हो, पाट्या वाचायच्यात, बिल्टी म्हणजे मालाचा कागद वाचायचाय, हे मी नियम म्हणून नाही सांगत, रोजच्या कामाचं सांगतोय.

ते एक वर्ष वाया घालवायचं नाही, माझ्या मते अख्ख्या प्लॅनमधला सगळ्यात चांगला भाग तोच आहे. एलएमव्हीवर पिकअप नाहीतर छोटा हत्ती चालवा, वाशी मार्केट, भिवंडीची गोडाऊनं, मशीद बंदर, कुठेही काम निघतं. महिन्याला दीड हजार बाजूला टाकले तर बारा महिन्यांत अठरा हजार होतात आणि हेवीचा बहुतेक खर्च कोणाकडे हात न पसरता निघतो. शिवाय मालाच्या गाडीचा हात बसतो, लोड असताना ब्रेक उशिरा लागतो, वळणावर गाडी झुकते, हे शरीराला कळायला लागतं. ट्रकवर गेल्यावर त्याचा खूप फायदा होतो.

खर्च नेमका किती

सरकारी फी आधी बघू कारण ती ठरलेली आहे. लर्निंगचे १५०, ड्रायव्हिंग टेस्टचे ३००, लायसन्सवर नवीन क्लास, म्हणजे गाडीचा प्रकार, चढवायचे ५००, स्मार्ट कार्डाचे २००. झाले ११५०. ऑनलाइन भरताना थोडंफार इकडेतिकडे होईल, पण सरकारी फी म्हणून कोणी चार हजार सांगत असेल तर तो स्वतःचे पैसे त्यात घालून सांगतोय. एजंटला पैसे देऊ नका असं मी म्हणत नाही, ज्याला फॉर्म भरता येत नाही त्याने द्यावेत, पण सरकारी किती आणि तुझे किती हे वेगळं लिहून घ्या.

मेडिकलचे डॉक्टर जे घेतील ते. त्यानंतर स्कूलची फी. मी घाटकोपरपासून पनवेलपर्यंत विचारत फिरलो होतो तेव्हा मला बारा हजारापासून बावीस हजारापर्यंत आकडे सांगितले होते, आणि त्यात गंमत अशी नाही की महाग तो चांगला. हिशोब असा करा. एकाने बारा हजार घेतले आणि खरे चार तास चालवायला दिलं तर एक तास तीन हजाराला पडला. दुसऱ्याने वीस घेतले आणि पूर्ण पंधरा तास दिले तर तास साधारण तेराशे तेहतीसला. स्वस्त कोण ते तुम्हीच बघा. फी विचारू नका, तास विचारा.

आणि एक खर्च कोणी धरत नाही तो म्हणजे बुडालेला रोज. सकाळी सहा ते साडेसातची बॅच मिळाली तर काम बुडत नाही, मुंबईत तसंही गर्दीच्या वेळी जड वाहनांना बऱ्याच रस्त्यांवर बंदी असते त्यामुळे स्कूलची गाडी पहाटेच निघते. पण टेस्टचा दिवस अख्खा जातो, मेडिकल आणि आरटीओच्या चकरा धरून चार-पाच दिवसांचा रोज बुडणार हे आधीच बाजूला काढून ठेवा.

पैसे कुठून आणायचे

घरचे साठवलेले असतील तर उत्तमच. नसतील तर मी ज्या क्रमाने बघेन तो सांगतो.

पहिल्यांदा फुकटचं आहे का ते बघा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ऑटोमोटिव्ह स्किल कौन्सिलचा कमर्शियल व्हेईकल ड्रायव्हर नावाचा कोर्स आहे, त्यात फी लागत नाही. प्रश्न असतो जवळच्या सेंटरला बॅच चालू आहे का, त्यासाठी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात जाऊन समोर उभं राहून विचारा. आणि विचारताना दोन गोष्टी नक्की विचारा, ट्रक खरोखर चालवायला मिळणार की फक्त वर्गातलं शिक्षण, आणि शेवटी फॉर्म ५, म्हणजे आरटीओला लागणारं ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट, मिळणार का. कोर्सचं सर्टिफिकेट मिळालं पण फॉर्म ५ नाही असं झालं तर आरटीओसाठी परत स्कूल लावावी लागेल. तसंच ज्याच्याकडे जातीचा दाखला आहे त्याने आपापल्या महामंडळात, समाज कल्याणला, बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांकडे ड्रायव्हिंगच्या प्रशिक्षणाची बॅच निघालीय का ते विचारत राहावं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आधार जोडलेलं बँक खातं ही कागदं आधीच तयार ठेवा, कारण जाहिरात येते आणि दहा-पंधरा दिवसांत मुदत संपते, आणि तेवढ्यात सेतूमधून दाखला हातात येत नाही.

दुसरं, भिशी. चाळीत, स्टँडवर, कुठेतरी भिशी चालूच असते, पहिला नाहीतर दुसरा नंबर मागून घ्या आणि कशासाठी पाहिजे ते सरळ सांगा, लोक देतात. व्याज नाही, कागद नाही. आईच्या नाहीतर बायकोच्या बचत गटातून मिळत असेल तर तेही चांगलं, तिथलं व्याज झेपण्यासारखं असतं आणि ते गटातच राहतं.

तिसरं, बँकेचं स्किल लोन. याबद्दल फार कमी जणांना माहीत असतं. २०१५ ला ही योजना आली तेव्हा पाच हजारापासून दीड लाखापर्यंत कर्ज मिळायचं आणि २०२४ मध्ये मर्यादा साडेसात लाखांवर नेली. तारण मागत नाहीत. पण कोर्स या योजनेत बसणारा पाहिजे आणि संस्था पण मान्यतेची, गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पावतीवर बँक उभं करणार नाही. मोठ्या संस्थेत जाऊन शिकायचं असेल तरच याचा विचार करा. मुद्रा लोन वेगळं, ते स्वतःची गाडी घ्यायला, धंद्याला. शिकायला नाही.

चौथं, सोनं तारण. बँकेत नाहीतर चांगल्या पतपेढीत ठेवा. सावकाराकडे जाऊ नका, कारण बँक दहा-बारा टक्के म्हणते ते वर्षाचं असतं आणि सावकार तीन टक्के म्हणतो ते महिन्याचं. पंधरा हजारावर महिन्याला साडेचारशे, वर्षाला चोपन्नशे, म्हणजे छत्तीस टक्के झाले. ऐकायला तीन लहान वाटतं.

आणि शेवटी ते ज्यापासून मी कळकळीने लांब राहायला सांगेन, मालकाची उचल. असं होतं बघा, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो तुझे स्कूलचे पैसे मी भरतो, लायसन्स आलं की माझ्या गाडीवर ये, पगारातून कापून घेईन. ऐकायला देवमाणूस वाटतो, आणि काही खरंच असतात देवमाणूस. पण बऱ्याच वेळा ओरिजिनल लायसन्स स्वतःकडे ठेवून घेतात, उचलीचा हिशोब लिहिलेला नसतो, मध्ये घरी आजारपण निघालं की अजून उचल, आणि दोन वर्षं झाली तरी पोरगं त्याच गाडीवर, त्याच पगारावर, झोप नाही सुट्टी नाही. माझ्या बरोबरचा एक जण असाच अडकला होता. घ्यायचीच वेळ आली तर कागदावर घ्या, रक्कम किती, महिन्याला किती कापणार, किती महिन्यांत फिटणार, दोघांच्या सह्या, आणि ओरिजिनल लायसन्स कोणाच्याही हातात द्यायचं नाही. पाहिजे तर झेरॉक्स ठेव म्हणायचं.

स्कूल कशी निवडायची

ट्रान्सपोर्टच्या लायसन्सला ड्रायव्हिंग स्कूल कायद्यानेच लागते. स्वतः शिकलो, काकांनी शिकवलं, चालत नाही, परवाना असलेल्या स्कूलचं फॉर्म ५ सर्टिफिकेट जोडावंच लागतं. म्हणून तर काही स्कूलवाले निवांत असतात, त्यांना माहितीय तुम्ही येणारच.

ऑफिसमध्ये गेल्यावर भिंतीकडे बघा. स्कूलचा परवाना, फॉर्म ११, तो दिसेल असा लावलेला पाहिजे आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते, तारीख वाचा. परवान्यावर हेवी शिकवायची परवानगी आहे का तेही वाचा, नाहीतर होतं काय की स्कूल असते कारची आणि हेवीसाठी दुसऱ्याच कोणाचा ट्रक भाड्याने आणतात. मग म्हणा ट्रक दाखवा. ट्रकवर स्कूलचं नाव, पत्ता, फोन मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा लागतो आणि आत ड्युअल कंट्रोल, म्हणजे शिकवणाऱ्याच्या बाजूला पण ब्रेक-क्लच. हे नसेल तर तिथून निघा. कारमध्ये एखादवेळी चालून जाईल, ट्रक तुमच्या हातून सुटला तर समोरचा मरतो.

मग तासांचं बोला. नियमात ट्रान्सपोर्ट गाडीसाठी किमान ३० दिवसांचं ट्रेनिंग आणि प्रत्यक्ष गाडी चालवायचे किमान १५ तास सांगितलेत. प्रत्यक्ष. बाजूला बसून बघितलेले नाहीत. आणि त्याची नोंद ठेवायला फॉर्म १५ नावाचं रजिस्टर असतं, त्यात कोणत्या दिवशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चालवलं ते लिहितात आणि शिकणाऱ्याची सही घेतात. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता, शेवटच्या दिवशी माझ्यासमोर रजिस्टर ठेवलं आणि एका दमात सगळ्या रांगेवर सह्या करायला लावल्या, मी केल्या. तुम्ही करू नका. रोज उतरल्यावर त्याच दिवसाची सही, तेवढ्याच मिनिटांची. आणि स्वतःच्या मोबाईलमध्ये पण लिहून ठेवा.

पैसे तीन हप्त्यात. पहिला नाव घालताना, दुसरा पाच तास झाल्यावर, तिसरा दहा तास झाल्यावर, आणि फॉर्म ५ साठी वेगळे पैसे लागणार नाहीत हे पावतीवर लिहून घ्या. बरेच जण सुरुवातीला नाही म्हणतील. तुम्ही उठून दाराकडे चाललात की बऱ्याच वेळा हो म्हणतात. टेस्टच्या दिवशी ट्रक स्कूलच देणार ना, त्याचं वेगळं भाडं नाही ना, हेही आत्ताच विचारा कारण टेस्टला गाडी आपल्यालाच न्यावी लागते आणि तिचा इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी चालू नसेल तर टेस्ट घेत नाहीत.

ज्याला थोडे दिवस काढता येतील त्याने मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरचा विचार जरूर करावा. जुलै २०२१ पासून हे नियम लागू आहेत, अशा सेंटरमध्ये हेवीचा कोर्स ३८ तासांचा असतो, सहा आठवड्यांत पूर्ण करतात, सिम्युलेटर असतो, टेस्टचा ट्रॅक असतो आणि तिथली परीक्षा पास झाली तर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट परत द्यावी लागत नाही. पुण्याला नाशिक फाट्याजवळ भोसरीला आयडीटीआर ही ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, तिथे चौकशी करून बघा, हेवीची बॅच कधी आणि राहायची सोय काय. राहण्याखाण्याचा खर्च वाढतो पण शिकून येता.

अजून एक, हे मुंबईकरांना फार उपयोगाचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओत लायसन्ससाठी अर्ज करता येतो. म्हणजे तुमचं घर भांडुपला असलं तरी गाव साताऱ्याकडे असेल आणि तिथे काकांकडे राहून तिथल्या स्कूलमध्ये मोकळ्या रस्त्यावर महिनाभर शिकता येत असेल तर तसं करा. मुंबईत शिकलात तर ट्रॅफिकची सवय होते हे खरं, पण पहिल्या दहा दिवसांत मोकळा रस्ता जास्त शिकवतो असं माझं मत आहे.

कागद आणि अर्ज

सगळं सारथी परिवहनच्या साइटवर होतं, ही परिवहन खात्याची साइट, वर सांगितलेली सारथी संस्था वेगळी. महाराष्ट्र निवडा, नवीन लर्निंग लायसन्स, मग आधीचं लायसन्स आहे हा पर्याय घेऊन तुमचा नंबर टाका आणि क्लासमध्ये ट्रान्सपोर्ट निवडा. चालू लायसन्स असेल तर कॉम्प्युटरवरची परीक्षा परत नसते. आरटीओ निवडताना लक्ष द्या, ताडदेव एमएच ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३, बोरिवली ४७, ठाणे ०४, वाशी ४३, पनवेल ४६. जिथे स्कूलचा ट्रक टेस्टला जातो ते निवडा नाहीतर टेस्टच्या दिवशी स्कूलवाला म्हणेल माझी गाडी तिकडे येत नाही.

मेडिकलचा फॉर्म १ए लागतोच, त्यावर डॉक्टरची सही-शिक्का. यात डोळे महत्त्वाचे, रंग ओळखता येतात का, दिवसा २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का. खरोखर तपासून घ्या, शंभर रुपये देऊन नुसता शिक्का आणू नका. चष्मा लागत असेल तर तो लावून चालवता येतं, पण रंग दिसत नसतील तर पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं. म्हणून मेडिकल सगळ्यात आधी करा, स्कूलच्याही आधी.

लर्निंग सहा महिने चालतं आणि टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. तेवढ्या काळात गाडीवर पुढे-मागे लाल एल पाहिजे आणि बाजूला हेवीवाला शिकवणारा पाहिजेच. ३० दिवस झाले की त्याच साइटवर लायसन्सवर क्लास वाढवायचा अर्ज, फॉर्म ५ अपलोड, फी, आणि टेस्टच्या वेळेचा स्लॉट. स्लॉट लगेच मिळत नाही कधीकधी, लर्निंगची मुदत संपत आली म्हणून धावपळ होऊ देऊ नका.

गाडीवर काय शिकून घ्यायचं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पैसे यासाठीच दिलेत.

पहिल्या दिवशी चालू करायच्या आधी हवा. कारवाल्या पोरांना हे माहीतच नसतं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, इंजिन चालू करून काटा वर येईपर्यंत थांबायचं, हवा भरली नसेल तर मागची चाकं लॉकच राहतात आणि चालताना हवा उतरली तर गाडी जागेवर जाम होते. रोज सकाळी चाकांना एक फेरी, टायर ठोकून आवाज ऐकायचा, मागच्या जोडीच्या टायरमध्ये दगड अडकलाय का बघायचं, खाली कुठे तेल टपकतंय का. ज्या स्कूलमध्ये हे दाखवत नाहीत तिथे तुम्हीच विचारा.

ब्रेकवर पाय कारसारखा मारायचा नाही. मी पहिल्यांदा मारला तेव्हा मागे बसलेला माझ्यासारखाच शिकणारा पोरगा डॅशबोर्डपर्यंत आला.

रिव्हर्स. काकांनी मला शिकवलं ते असं, कळंबोलीला रविवारी दुपारी जिथे गाड्या कमी असतात तिथे डाव्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर पाण्याची रिकामी बाटली ठेवली आणि म्हणाले, आरशात बाटली बघत बघत मागे घे आणि चाक बाटलीला टेकलं की थांब, फुटली तर परत पहिल्यापासून. अकरा बाटल्या फुटल्या. बाराव्या वेळी चाक टेकलं आणि बाटली नुसती कलली, काका काही बोलले नाहीत, दुसरी बाटली उजव्या बाजूला नेऊन ठेवली. दोन तास फक्त हेच. त्या दोन तासांत मला मागचं चाक कुठे आहे ते न बघता कळायला लागलं, आणि ट्रक चालवणं म्हणजे मुळात तेच आहे, आपल्या मागे काय चाललंय ते माहीत असणं. स्कूलमध्ये उस्तादाला सांगा रिव्हर्सचे निदान तीन तास पाहिजेत.

डावी बाजू. केबिनच्या डाव्या दाराला चिकटून बाईकवाला असेल तर तो दिसतच नाही. डावीकडे वळताना मागचं चाक आत कापतं, त्यामुळे वळण मोठं घ्यायचं, आणि मोठं घेतलं की त्या मोकळ्या जागेत बाईकवाला घुसतो. म्हणून आरसा, इंडिकेटर, एक सेकंद थांबायचं, परत आरसा. मुंबईत हे येत नसेल तर बाकी काही येऊन उपयोग नाही.

घाट. बोरघाट किंवा कसारा, शिकताना निदान एकदा तरी उस्तादाबरोबर लोडवाली गाडी उतरवा. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनच्या जोरावर, ब्रेक मध्येमध्ये. पाय सतत ब्रेकवर ठेवला की ब्रेकचे लायनर तापतात, वास येतो, आणि मग ब्रेक धरतच नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणारे ड्रायव्हर तुम्हाला भेटतील, अनुभवी असतील, वयाने मोठे असतील, तरी त्यांचं ऐकू नका.

टेस्टचा दिवस

आरटीओत सकाळी लवकर जा, कागदांची फाईल ओरिजिनलसकट. साहेब गाडीत बसले की सीटबेल्ट, आरसे, हवेचा काटा, मग स्टार्ट, हे सगळं दिसेल असं सावकाश करा. सरळ रिव्हर्स, चढावर थांबून परत उचलणं, सिग्नल देणं, हे बघतात. हाफ क्लचवर गाडी मागे न जाऊ देता उचलणं घरून पक्कं करून जा. नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते, तीनदा झालात तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं.

इथेच कोणीतरी येऊन सांगेल, टेस्ट कशाला देतो, बाहेरच्या राज्यातून हेवी काढून देतो, घरपोच. देऊ नका पैसे. ते लायसन्स ऑनलाइन दिसत नाही किंवा दिसलं तरी खोट्या कागदावर असतं, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिलं काम करते ते लायसन्स तपासायचं. विनालायसन्स चालवल्याचा दंड पाच हजार, मालकाला वेगळा पाच हजार, पण ते सोडा, क्लेमची रक्कम मालकाच्या गळ्यात पडली की तो तुमच्या घरी येतो.

लायसन्स आल्यावर

ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षं चालतं, नूतनीकरणाला परत मेडिकल लागतं. मुदत संपल्यावर पूर्वी महिनाभर सूट मिळायची ती आता नाही, संपलं की त्याच दिवसापासून चालवता येत नाही, म्हणून मुदतीच्या आधीच अर्ज टाका. डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवा, पोलिसांना ते चालतं.

पहिली नोकरी लांबच्या लाइनची घेऊ नका. भिवंडी, तळोजा, उरण पट्ट्यात लोकल गाडीवर सहा महिने काढा, रोज घरी याल आणि रोज पाच-सहा वेळा रिव्हर्स लावायला मिळेल. ट्रेलरवर जायचं असेल तर न्हावा शेवाच्या कंटेनर गाड्यांवर आधी सेकंड ड्रायव्हर म्हणून. टँकरमध्ये पैसे बरे असतात, माहुलच्या बाजूला काम असतं, पण पेट्रोल, गॅस, केमिकल अशा धोकादायक मालासाठी वेगळं तीन दिवसांचं ट्रेनिंग करून लायसन्सवर नोंद करून घ्यावी लागते, तिची मुदत तीन वर्षांची, आणि तिथे मराठी किंवा हिंदीबरोबर थोडं इंग्रजी वाचता-लिहिता येणं नियमातच आहे. वर्षभर साधी गाडी चालवून झाल्यावर बघा ते.

मालकाशी बोलताना पगार किती, भत्ता किती, डिझेलचा हिशोब कसा, टोल आणि चलन कोणाच्या नावावर, हे आधी. ओव्हरलोडचं चलन आलं तर कोण भरणार हे खास विचारा. आणि गेटमधून गाडी बाहेर काढायच्या आधी फिटनेस, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी यांच्या तारखांचा मोबाईलवर फोटो काढा, बिल्टीवरचं वजन आणि वजनकाट्याची पावती जुळवा, नसेल जुळत तर गाडी तिथेच उभी ठेवून मालकाला फोन लावा.